वाचकांचे प्रश्न : परक्या शहरातील तिकीट

प्रश्न : पुढील महिन्यात आम्ही चौघे, म्हणजे मी, माझे यजमान, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई, परदेशातील एका महानगरात पाच दिवस राहणार आहोत. मेट्रो, बस आणि ट्राम यांनीच फिरायचे असे ठरवले आहे. ‘अमर्याद प्रवास’ देणारा पर्यटक पास निघण्यापूर्वीच घ्यावा, की तेथे पोहोचल्यावर लागतील तशी तिकिटे काढावीत?

उत्तर : पत्रात शहराचे नाव नाही, त्यामुळे अमुक पास घ्या असे सांगता येत नाही, मात्र तो घाईने घेऊ नका, एवढे निश्चित सांगता येते. ‘अमर्याद’ या शब्दाची भुरळ पडते खरी, पण सकाळी मुक्कामापासून एखाद्या स्थळापर्यंत, दुपारी तेथून दुसरीकडे आणि रात्री परत, एवढाच पाहुण्यांचा बहुतेक दिवसांचा प्रवास असतो. मधली अंतरे पायीच कापली जातात. पाच दिवसांचा ढोबळ कार्यक्रम कागदावर मांडून फेऱ्या मोजा, सुट्या तिकिटांचा खर्च काढा आणि मगच पासची किंमत त्याच्याशी ताडून पाहा. संग्रहालयांचे प्रवेशशुल्क जोडून विकले जाणारे पास तर मला स्वतःला बहुधा महागच पडलेले आहेत.

पासचा ‘दिवस’ कोठून मोजतात, हेही आधी विचारावे. काही पास पहिल्या वापरापासून चोवीस तास चालतात, तर काही त्या तारखेपुरतेच असतात, आणि तसा पास संध्याकाळी विमानतळावरून निघताना सुरू केला तर अर्ध्याहून अधिक पैसे वाया जातात. पॅरिसमधील ‘नाविगो’चा साप्ताहिक पास सोमवारी सुरू होऊन रविवारी संपतो, तो गुरुवारी घेतला तरी रविवारीच संपतो, आणि शुक्रवारी गेल्यास चालू आठवड्याचा पास मिळतच नाही.

लंडनसारख्या शहरात मात्र हा हिशेब प्रवाशाला करावाच लागत नाही. तेथील भुयारी रेल्वेत २०१४ पासून साधे कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड यंत्राला टेकवून प्रवास करता येतो, आणि दिवसभराचे भाडे ठरलेल्या कमाल मर्यादेला पोहोचले की त्या हद्दीतील पुढच्या फेऱ्यांचे पैसे कापले जात नाहीत. प्रत्येक मोठ्या माणसाकडे स्वतंत्र कार्ड हवे आणि दिवसभर तेच वापरायला हवे. सकाळी कार्ड आणि दुपारी फोन टेकवला, तर दोन्ही एकाच खात्याशी जोडलेले असूनही यंत्रणा त्यांना दोन वेगळे प्रवासी समजते. रेल्वेतून बाहेर पडतानाही कार्ड टेकवावे लागते, अन्यथा त्या फेरीचे सर्वाधिक भाडे आकारले जाते. बसमध्ये मात्र चढताना एकदाच टेकवायचे असते. परदेशी व्यवहारावर बँक किती शुल्क घेते, हे निघण्यापूर्वी विचारून ठेवावे, कारण दिवसाकाठी वाचलेले पैसे तेथे जाऊ शकतात.

मुलीसाठी अगोदर तिकीट घेऊ नका. लंडनच्या भुयारी रेल्वेत अकरा वर्षांखालील मूल तिकीट असलेल्या मोठ्या माणसाबरोबर विनामूल्य जाते, तर टोकियोत तिच्या वयाच्या मुलांना अर्धे भाडे पडते. सासूबाईंच्या बाबतीत फार आशा धरू नये. ज्येष्ठांची सवलत अनेक शहरांत तेथील रहिवाशांपुरतीच असते. विमानतळाच्या मार्गाचे भाडेही पुष्कळदा वेगळे असते, त्यामुळे शहराच्या पासात तो धरलेला आहे का, हे पाहून घ्यावे.

प्रश्न : युरोपातील एका शहरात माझ्या हातात त्याच दिवशी विकत घेतलेले तिकीट असूनही तपासनिसाने दंड केला. हे न्याय्य आहे का?

उत्तर : तुमची चडफड समजते, पण तिकिटावर शिक्का मारायचा राहिला असावा, असा माझा तर्क आहे. जेथे स्थानकात फाटके नसतात, तेथे तिकीट विकत घेणे आणि ते सुरू करणे या दोन वेगळ्या क्रिया असतात. बर्लिनच्या भुयारी रेल्वेच्या फलाटावर तिकिटावर वेळ उमटवणारी छोटी पेटी असते. शिक्का नसलेले तिकीट उद्याही वापरता येईल, म्हणून तपासनीस ते ग्राह्य धरत नाही. हा तपासनीस पुष्कळदा साध्या वेशात असतो आणि ‘मी पाहुणा आहे’ हे उत्तर त्याने दिवसातून अनेकदा ऐकलेले असते. तेथील दोन तासांच्या एकेरी तिकिटावर वाटेत गाडी बदलता येते, पण त्याच तिकिटावर माघारी फिरता येत नाही. या नियमातही पाहुणे फसतात. फोनवरील तिकिटाला सहसा शिक्का लागत नाही, परंतु बॅटरी संपली तर ते दाखवता न येण्याची जबाबदारी प्रवाशाचीच ठरते.

प्रश्न : अंतरानुसार भाडे असलेल्या शहरात नकाशा वाचता आला नाही, तर किती रकमेचे तिकीट घ्यावे?

उत्तर : टोकियोत असाल तर सर्वांत स्वस्त कागदी तिकीट घ्या आणि उतरल्यावर बाहेरच्या फाटकाजवळील भाडेफरकाच्या यंत्रात उरलेली रक्कम भरा. ही तेथील मान्य पद्धत आहे, त्यात दंड नाही. ‘सुइका’सारखे पैसे भरून ठेवायचे कार्ड घेतले तर तेवढेही करावे लागत नाही. इतरत्र मात्र ही युक्ती वापरू नका. कमी भाड्याचे तिकीट घेऊन पुढे जाणे बहुतेक ठिकाणी विनातिकीट प्रवासच मानले जाते.