जपानमध्ये प्रदर्शनं बघायला येतेयस तर

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

दोन वर्षं शिकायला इथे येतेयस ना, तुझी प्रदर्शनांची लिस्ट मिळाली. टीमलॅबचं डिजिटल प्रदर्शन, नाओशिमा बेटावरचं पिवळ्या भोपळ्याचं शिल्प, तोक्योचं मोरी म्युझियम, व्हॅन गॉग, आणि खाली "मावशी, अजून काय काय बघू, तू वर्षभर काय बघितलंस ते सांग म्हणजे मी तसं प्लॅन करते". म्हणून हे सविस्तर लिहितेय. 2025 मध्ये मी खूप प्रदर्शनं बघितली, तोक्योतली, क्योतो-नाराची, चिबातली, पण त्यांची यादी तुला देऊन उपयोग नाही कारण त्यातली बहुतेक आता संपलीत. ती बघताना जे लक्षात आलं ते सांगते.

आपल्याकडे म्युझियम म्हटलं की वस्तू कायम तिथेच असणार हे आपण धरूनच चालतो. आज नाही जमलं तर दिवाळीच्या सुट्टीत जाऊ. इथे तसं नसतं. जुनी जपानी चित्रं रेशमावर नाहीतर कागदावर केलेली, उजेडाने ती उडतात. उकियो-ए, म्हणजे ते लाकडी ठशांनी छापलेले प्रिंट, त्यातला करडईचा लाल आणि फुलांपासून काढलेला निळा तर फारच नाजूक. म्हणून 'कोकुहो', म्हणजे राष्ट्रीय ठेवा ठरलेली अशी चित्रं वर्षाकाठी साधारण 60 दिवसांच्या वर बाहेर ठेवायची नाहीत आणि उजेड 150 लक्सच्या आत ठेवायचा असा सरकारी नियम आहे, आणि कितीतरी ठिकाणी त्याहूनही मंद दिवे असतात. दालनात शिरलीस की पहिली दोन मिनिटं अंधारल्यासारखं वाटेल, थांब जरा, डोळ्यांना सवय होऊ दे. आणि बाळा, एकाच प्रदर्शनात पूर्वार्ध-उत्तरार्ध असतो. अर्ध्यात चित्रं बदलतात. दाराशी एक फुकट छापील यादी मिळते त्यात कुठली वस्तू कुठल्या तारखेपर्यंत आहे हे दिलेलं असतं, तीच यादी वेबसाइटवर आधी टाकतात, ती बघितल्याशिवाय तिकीट काढू नकोस. पोस्टरवर जे चित्र आहे ते तू जाशील त्या दिवशी भिंतीवर असेलच असं नाही.

म्हणजे इथे आधी कॅलेंडर बघायचं आणि मग पाय उचलायचे. ओगाता कोरिन या चित्रकाराचे आयरिसच्या फुलांचे घडीचे पडदे तोक्योत आओयामाच्या नेझू म्युझियममध्ये बहुतेक दरवर्षी एप्रिल-मेमध्ये काढतात, कारण त्याच सुमारास मागच्या बागेतल्या तळ्यात खरे आयरिस फुलतात. याच कोरिनचे लाल-पांढऱ्या प्लमचे पडदे आतामीच्या एमओए म्युझियममध्ये प्लम फुलतो त्या थंडीच्या दिवसांत येतात. हासेगावा तोहाकूने काढलेली धुक्यातली पाइनची झाडं तोक्योत उएनोच्या नॅशनल म्युझियममध्ये पुष्कळदा नव्या वर्षाच्या सुरुवातीला असतात. इथली माणसं वर्षानुवर्षं त्या त्या महिन्यात जातात, आपण आषाढीला जातो तसं.

नेझूचं जरा नीट सांगते कारण तू टेक्स्टाइलची आहेस आणि हे तुझं आहे. सहा-सहा पाखांचे दोन पडदे, सगळीकडे सोन्याचा वर्ख आणि त्यावर फक्त निळा आणि हिरवा. पाणी नाही, आभाळ नाही, माणूस नाही. निळा रंग अझुराइटचा दगड दळून केलेला, आणि तो पाकळ्यांवर इतका जाड बसलाय की मागचं सोनं चमकतं आणि फुलं अजिबात चमकत नाहीत, उजेड पिऊन टाकल्यासारखी दिसतात. मग जरा वेळ बघत राहिलीस की कळेल फुलांचे काही झुपके पुन्हा पुन्हा आलेत, हुबेहूब तेच, कारण तिथे स्टेन्सिल वापरलंय. कोरिन हा क्योतोतल्या किमोनोवाल्यांच्या घरातला, कारिगानेया नावाचं त्यांचं मोठं दुकान होतं, म्हणजे लहानपणापासून कापडावरची नक्षी बघतच वाढलेला. तुमच्या कॉलेजात रिपीट पॅटर्न शिकवतात ना, तो तीनशे वर्षांपूर्वी या माणसाने असा वापरलाय की रिपीट आहे हे आधी कळतच नाही. आणि एक कर, गुडघे वाकवून खाली होऊन बघ. हे पडदे तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या चटईवर, बसलेल्या माणसासाठी केलेत आणि ते नागमोडी उभे करतात, त्यामुळे खालून आणि बाजूने बघितलं की फुलं पुढे-मागे सरकतात. उभ्याने समोरून फोटोसारखं बघितलं तर हे सगळं जातं. कोणी बघत नाही तुझ्याकडे, इथल्या म्हाताऱ्या बायका पण वाकतात.

गर्दीबद्दल. तू लिस्टमध्ये टाकलेली मोठी पाश्चात्त्य प्रदर्शनं इथे बहुतेक वर्तमानपत्रं आणि टीव्ही चॅनल म्युझियमबरोबर मिळून भरवतात, युद्धानंतरपासूनची पद्धत आहे ही. 1974 ला मोनालिसा आली तेव्हा दीड मिलियनच्या आसपास लोक आले होते. पैसा लावलेला असतो त्यामुळे जाहिरात पण तशीच, स्टेशनभर पोस्टर. जा, मी नको म्हणत नाहीये, मी पण जाते. पण 2016 मध्ये इतो जाकुचू या जुन्या जपानी चित्रकाराच्या प्रदर्शनाला एके दिवशी 320 मिनिटांची रांग होती, पाच तासांच्या वर, म्हणजे गर्दी फक्त व्हॅन गॉगला होते असं नाही. आता बऱ्याच ठिकाणी तारीख-वेळेचं बुकिंग असल्यामुळे रांग कमी झालीये तरी शेवटचा आठवडा टाळच. सुरुवातीचे दिवस, आणि शुक्रवारी संध्याकाळी. सरकारी म्युझियम पुष्कळशी शुक्रवारी आठपर्यंत उघडी असतात, सात वाजले की माणसं जेवायला जातात आणि दालन तुझं.

बाकी किरकोळ पटापट सांगते. बहुतेक म्युझियम सोमवारी बंद, सोमवारी सार्वजनिक सुट्टी असेल तर उघडं आणि मंगळवारी बंद. दालनात पेन काढायचं नाही, फक्त पेन्सिल, नसेल तर मागितली की देतात. लॉकरला 100 येनचं नाणं लागतं आणि ते परत मिळतं, तेव्हा सॅक ठेवून मोकळी हो, तीन तास खांद्यावर ओझं घेऊन काही बघणं होत नाही. तुझं विद्यापीठ 'कॅम्पस मेंबर्स'मध्ये आहे का ते ऑफिसात विचार, असेल तर नॅशनल म्युझियमची कायमची दालनं आयकार्डावर फुकट. क्योबाशीचं आर्टिझोन म्युझियम तर विद्यार्थ्यांना वेबवर बुकिंग केलं की फुकट आहे. आणि ग्रुत्तो पास म्हणून एक असतो, अडीच हजार येनच्या आसपास, दोन महिने चालतो, तोक्यो आणि आजूबाजूची शंभरेक ठिकाणं त्यात येतात, काही फुकट काही सवलतीत. कॅटलॉग घ्यायचा मोह होईल, जड असतात आणि महाग, आधी दारातली फ्लायर गोळा कर, ती छपाईच इतकी सुंदर असते.

आता 2025 मध्ये मला जे सगळ्यात भिडलं ते. सप्टेंबर ते नोव्हेंबर उएनोच्या नॅशनल म्युझियममध्ये उंकेई या जुन्या मूर्तिकाराच्या मूर्ती आल्या होत्या, नाराच्या कोफुकुजी देवळातल्या, सातच, पण साती कोकुहो. मधे मैत्रेय बुद्ध आणि त्याच्याजवळ दोन भिक्षू, मुचाकू आणि सेशिन. 1212 च्या सुमाराच्या लाकडी मूर्ती, जवळजवळ दोन मीटर उंच. मुचाकू म्हणजे आपला असंग आणि सेशिन म्हणजे वसुबंधू, पुरुषपुरचे, आजच्या पेशावरचे भाऊ. उंकेईने भारत कधी बघितलेला नाही, त्याच्या आठशे वर्षं आधीची ही माणसं, तरी त्याने दोन वेगळे जिवंत चेहरे केलेत. असंग वय झालेला, गाल उतरलेले, हातात कापडात गुंडाळलेला डबा, काहीतरी जपून कोणाला तरी द्यायला निघाल्यासारखा. डोळे स्फटिकाचे आहेत. डोकं आतून पोकळ करून आतल्या बाजूने स्फटिकाची पातळ चकती बसवायची आणि तिच्या मागून बुबुळ रंगवायचं, अशी रीत. त्याच्यासमोर डावीकडून उजवीकडे हळूहळू चाललीस की एका जागी त्या डोळ्यात उजेड येतो आणि डोळा ओला दिसतो. मी तिथे खूप वेळ होते. देवळात या मूर्ती ज्या दालनात आहेत ते वसंतात आणि शरदात थोडेच दिवस उघडतात, इथे मागून पाठ बघता आली, वस्त्राच्या चुण्या कशा उतरल्यात ते बघता आलं. लोक भराभर सात मूर्ती बघून पंधरा मिनिटांत दुकानाकडे जात होते त्याचं वाईट वाटलं. तू तसं करू नकोस. एका प्रदर्शनात एक किंवा दोन वस्तू धर, बाकीच्यांवरून नजर फिरव आणि त्या दोघींपाशी परत ये. सगळं बघितलंच पाहिजे हे मनातून काढून टाक, तिकिटाचे पैसे त्याने वसूल होत नाहीत.

आणि तू महाराष्ट्रातून येतेयस हे विसरू नकोस, अजिंठा बघून ये. शाळेच्या सहलीत बघितलास तो नव्हे, आता परत जा, पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर बस. कारण इथे नाराजवळच्या होऱ्यूजी देवळाच्या भिंतींवर जे बोधिसत्त्व होते त्यांचं नाव पद्मपाणीबरोबर इथले अभ्यासक सुद्धा घेतात. आराई कांपो नावाचा चित्रकार टागोरांच्या बोलावण्यावरून भारतात आला, 1917-18 च्या सुमारास अजिंठ्याला राहून त्याने भित्तिचित्रांच्या प्रती केल्या, आणि पुढे 1940 मध्ये होऱ्यूजीच्या चित्रांच्या प्रती करायचं काम निघालं तेव्हा त्यातही तो होता. एकाच माणसाच्या हाताखालून दोन्ही भिंती गेल्या. तो 1945 ला गेला, काम चालूच होतं, आणि 26 जानेवारी 1949 ला त्या दालनाला आग लागली आणि चित्रं जळाली. पुढच्याच वर्षी सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा आला. वर जो मंद दिव्यांचा आणि 60 दिवसांचा नियम सांगितला ना, त्या सगळ्या काळजीच्या मुळाशी ही आग पण आहे. 2025 च्या वसंतात नाराच्या म्युझियमला होऱ्यूजीचा कुदारा कान्नोन, म्हणजे अवलोकितेश्वराची मूर्ती, आणला होता, सातव्या शतकातला, दोन मीटरच्या वर उंच आणि इतका सडपातळ, दोन बोटांत तेलाची बुधली उचलावी तसं पाण्याचं भांडं धरलेला. ती बोटं बघून मला अजिंठ्याचीच बोटं आठवली, तुलाही आठवतील, पण त्यासाठी आधी ती नीट बघितलेली पाहिजेत.

जपान म्हणजे फक्त जुनं नाही. चिबातल्या साकुराला कावामुरा म्युझियममध्ये मार्क रॉथको या अमेरिकन चित्रकाराची सात मोठी चित्रं एका वेगळ्या खोलीत होती, काळपट लाल, न्यूयॉर्कच्या एका रेस्टॉरंटसाठी काढलेली आणि मग त्याने त्यांना दिलीच नाहीत त्यातली. चालवणं परवडेना म्हणून कंपनीने ते म्युझियम मार्च 2025 अखेर बंद केलं. शेवटच्या महिन्यांत स्टेशनपासूनच्या बसला ही गर्दी. रॉथकोची चित्रं तोक्योत रोप्पोंगीला येणार आहेत, ते ठीक, पण ती बाग, ते तळं आणि त्या शांततेतून चालत जाऊन त्या खोलीत शिरणं आता नाही. कंपन्यांची आणि खाजगी घराण्यांची म्युझियम इथे खूप आहेत आणि ती अशी बंद होतात, शिनागावाचं हारा 2021 ला गेलं. तेव्हा सरकारी मोठी म्युझियम राहतील, लहान आणि लांबची आधी उरक. तोक्योत कोमाबाचं मिंगेईकान, म्हणजे लोककलेचं म्युझियम, पहिलं. यानागी सोएत्सूने 1936 मध्ये सुरू केलेलं, साध्या माणसांनी रोजच्या वापराला केलेली भांडी, कापडं, टोपल्या. तिथे लेबलावर माहिती फार थोडी, आधी डोळ्यांनी बघा असं त्याचं म्हणणं होतं. तुझ्या थिसिसला तिथली कापडं लागणार हे मी आत्ताच सांगून ठेवते.

आणि तोक्योतला गिंझा. ब्रँडच्या दुकानांच्या मागच्या गल्ल्यांत भाड्याच्या गॅलऱ्या आहेत, चित्रकार स्वतः भाडं भरून आठवडाभर मांडतात. फुकट असतात. ओकुनो बिल्डिंग म्हणून 1932 ची इमारत आहे, हाताने दार ओढायची लिफ्ट, खोल्याखोल्यांतून लहान गॅलऱ्या. आत चित्रकार स्वतः बसलेला असतो, तू दार उघडलंस की उठून उभा राहील, लाजू नकोस, वहीत नाव लिही आणि विचार, हे कसं केलं, कागद कुठला. तुझं तोडकंमोडकं जपानी चालेल. शिष्टाचार म्हणून काहीच विकत घ्यावं लागत नाही. जानेवारी अखेर ते मार्च कला विद्यापीठांची पदवी प्रदर्शनं असतात, ती चुकवू नकोस, तुझ्याच वयाची मुलं काय करतायत ते दुसरीकडे कुठे दिसणार.

नाराच्या शोसोइनचं, म्हणजे तोदाईजी देवळाच्या जुन्या कोठाराचं, राहिलंच. आठव्या शतकातल्या सम्राट शोमूच्या वस्तू, तो गेल्यावर सम्राज्ञीने 756 मध्ये तोदाईजीच्या बुद्धाला वाहिल्या, त्या ठेव्यात आता एकूण जवळपास नऊ हजार वस्तू आहेत आणि दर शरदात त्यातल्या साठेकच बाहेर काढतात, दोन-अडीच आठवडे. एकदा आलेली वस्तू पुन्हा साधारण दहा वर्षं तरी येत नाही. 2025 मध्ये गडद निळ्या काचेचा पेला आला होता, अंगावर काचेच्याच कड्या चिकटवलेल्या, 2012 नंतर तेव्हाच. तिकिटं आधी काढावी लागतात. तू दोन वर्षं आहेस म्हणजे दोन शोसोइन मिळतील, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात परीक्षा वगैरे काही ठेवू नकोस.

टीमलॅब लिस्टमध्ये राहू दे, मैत्रिणींबरोबर जा, मजा येईल. नाओशिमाला मात्र घाईघाईत एक दिवसात जाऊ नकोस, एक रात्र राहा, तिथल्या चिचू म्युझियमचं बुकिंग आधी कर.

एप्रिलमध्ये आलीस, आयकार्ड हातात आलं की फोन कर. आधी उएनोला जाऊ. म्युझियमच्या आवारात तोयोकान म्हणून आशियाची इमारत आहे, तिच्या तळघरात तेराव्या दालनात आशियातली कापडं आणि भारतातली लघुचित्रं लावतात, ती पण बदलत राहतात. वहीत दोन पेन्सिली ठेव.

तुझी,
मावशी