लेकरू घोरतंय, तर एक रात्र त्याच्या उशाशी बसा

ताई, तुमचा पाच वर्षांचा मुलगा रोज घोरतो, तोंड उघडं टाकून झोपतो आणि सासूबाई म्हणतात, 'गाढ झोपलंय, झोपू दे.' आमच्याही घरी हेच म्हणायचे. त्यात माझं एक वर्ष गेलं, म्हणून सविस्तर लिहिते.

सर्दीत चार रात्री घोरलं तर घाबरू नका. आपल्या बेळगावकडच्या खानापूरच्या पावसात कुठल्या पोराचं नाक वाहत नाही? पण सर्दी नसताना आठवड्यात तीनपेक्षा जास्त रात्री घोरत असेल, तर दाखवायलाच हवं.

आधी तुम्ही स्वतः बघा. झोपल्यावर तासाभरानं सदरा वर करून उशाशी बसा. पहाटेही एकदा उठा, त्या झोपेत त्रास जास्त दिसतो. माझी मुलगी मान मागं टाकून, हनुवटी वर करून झोपली होती. केस घामानं चिकटलेले, उशीवर लाळेचा ओला डाग. श्वास घेताना छाती आत ओढली जायची आणि पोट वर यायचं. मग घोरणं एकदम थांबलं. मला वाटलं, बरं झालं, शांत झोपली. पण पोट हलतच होतं, नाकाशी हात धरला तर वारा लागेना. मी मनात मोजत होते, सहा, सात, आठ... आणि विहिरीत बुडी मारून वर यावं तसा तिनं दम घेतला, कूस बदलली, परत घोरायला लागली. तो आवाज बंद होतो ना, तेव्हाच नीट बघायचं.

नाकाच्या मागं अ‍ॅडेनॉइड नावाची गाठ असते, घशात टॉन्सिल. साधारण दोन ते आठ वर्षांच्या वयात घशाच्या मानानं त्या मोठ्या असतात, आणि झोपेत घसा सैल पडला की वाट अडते. अ‍ॅलर्जी किंवा जास्त वजन असेल तर आणखीच.

दिवसा मोठी माणसं पेंगतात, मुलं मात्र उलट सैरभैर होतात. शाळेतून 'एका जागी बसत नाही' म्हणून तक्रार यायची आणि मी तिलाच रागवायचे. त्याचं मला अजून वाईट वाटतं. सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होणं, सकाळी डोकं दुखणं, घास चघळत बसणं, वजन न वाढणं, हेही लक्षात ठेवा.

मोबाईलवर एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. दवाखान्यात मूल जागं असतं, डॉक्टरांना रात्रीचं काही दिसत नाही. डॉक्टर कन्नड बोलणारे असतील आणि तुमचं कन्नड कच्चं असेल, तर एवढा शब्द पुरे: गोरके, म्हणजे घोरणं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडेच जा. ते मानेचा बाजूनं एक्स-रे काढतील किंवा नाकातून दुर्बिणीनं बघतील, गरज वाटली तर झोपेची तपासणी, म्हणजे झोपेत श्वास किती वेळा अडतो ते मोजणं, सांगतील. त्यात तासाला पाचपेक्षा कमी अडथळे मोठ्या माणसात चालतात, मुलांत एकापेक्षा जास्त आले तरी तो आजार धरतात.

अ‍ॅडेनॉइड-टॉन्सिल काढायच्या ऑपरेशनच्या नावानं पोटात गोळा येतो, मला माहीत आहे. त्रास सौम्य असेल तर आधी काही आठवडे नाकातला स्प्रे देतात. अमेरिकेत 5 ते 9 वर्षांच्या 464 मुलांवर झालेला अभ्यास 2013 साली आला. ऑपरेशन झालेल्यांपैकी सात महिन्यांनी 79 टक्के मुलांची झोपेची तपासणी नॉर्मल आली, नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी 46 टक्के. म्हणजे थांबूनही काही मुलं सुधारतात. पण थांबायचं की नाही ते डॉक्टर ठरवू देत, शेजारीण नको.

मूल जागं असताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, श्वास आत घेताना घरघर आवाज येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट बघू नका, 108 ला फोन करा. शेंगा खाताना ठसका लागून अचानक शिट्टीसारखा आवाज सुरू झाला तर घशात बोट घालू नका, लगेच निघा. शेंगदाणा एक्स-रेत सहसा दिसत नाही, म्हणून 'खाताना ठसका लागला होता' हे तुम्हीच आठवणीनं सांगा.