ट्रंकेतला बॅज आणि कपाटाची किल्ली

प्रश्न: आजी नमस्कार. आमचं बडोद्याच्या दांडिया बाजारातलं जुनं घर आता पाडायला देतोय. माळा आवरताना सासऱ्यांची पत्र्याची ट्रंक सापडली. ते १९५६ च्या आसपास मॅट्रिक झाले असं सासूबाई म्हणतात. ट्रंकेत एक बॅज आहे, त्यावर ए.सी.सी. लिहिलंय (माझा मुलगा विचारतो आजोबा सिमेंट कंपनीत होते का), एक त्रिकोणी रुमाल आहे, लाठ्या घेतलेल्या मुलांचा फोटो आहे, आणि हाताने लिहिलेली एक जाड वही, वर 'वार्षिक अंक'. हे सगळं नेमकं काय? शाळेने मध्यंतरी छापील स्मरणिका काढली होती, तिच्यात यातल्या एकाचाही उल्लेख नाही, असं कसं?
— एक सून, दांडिया बाजार

उत्तर: अगं सूनबाई, सिमेंट वाचून मी एकटीच हसत बसले. पहिलं काम म्हणजे तो बॅज पितांबरीने घासू नकोस, जसा आहे तसाच राहू दे.

ए.सी.सी. म्हणजे ऑक्झिलरी कॅडेट कोअर. एनसीसी तुला माहीतच आहे, तिचा कायदा १९४८ चा, पण शाळेत एनसीसीच्या जागा मोजक्या असायच्या, उंच मुलं आणि सरांची लाडकी मुलं तिकडे जायची, बूट-पट्टा-टोपी सगळं त्यांना मिळायचं, आणि उरलेल्यांसाठी पन्नाशीच्या दशकात हे एसीसी आलं. बंदूक त्यांच्याकडे आणि घमेलं-फावडं यांच्याकडे असा सरळ हिशोब होता. कवायत असायची, पण त्यापेक्षा जास्त श्रमदान, मैदान सारखं कर, गटार उपस. पुढे साठीच्या दशकात ते एनसीसीतच विरघळून गेलं म्हणून तुमच्या पिढीला नावही ठाऊक नाही. माझा मोठा भाऊ एसीसीत होता आणि त्याला शेवटपर्यंत वाटायचं की आपल्याला एनसीसीत घेतलं नाही ते फक्त दोन बोटं उंची कमी पडली म्हणून.

रुमाल स्काउटचा. त्याच्याबरोबर एखादा बिल्ला असला तर नीट वाच, कारण आधी स्काउटच्या दोन संघटना होत्या, एक ब्रिटिशांच्या वेळची बॉय स्काउट्स आणि दुसरी आपली हिंदुस्तान स्काउट. त्या दोन्ही ७ नोव्हेंबर १९५० ला एक होऊन भारत स्काउट्स अँड गाइड्स झालं, गाइडच्या मुली पुढच्या वर्षी सामील झाल्या. म्हणजे बिल्ल्यावर 'हिंदुस्तान' असेल तर तो रुमाल सासऱ्यांचा नसून त्यांच्या थोरल्या भावाचा वगैरे असायची शक्यता जास्त. आमच्याकडे तर एकच रुमाल तीन भावंडांनी वापरलाय.

लाठ्यांच्या फोटोत मागे काय दिसतंय ते तू लिहिलं नाहीस. दांडिया बाजार म्हणजे जुम्मादादांची व्यायामशाळा जवळच, तिथे प्रोफेसर माणिकरावांनी सांघिक व्यायाम सुरू केला, म्हणजे शेकडो मुलं एका हुकुमावर लाठी फिरवतायत, लेझीम खेळतायत, आणि ते हुकूमसुद्धा इंग्रजीत नाही, आपल्या भाषेत. बडोद्याच्या शाळांत हे पार मुरलेलं होतं. बाकी भारतात खेळ-मंडळं वगैरे सरकारी कागदावर आली ती माध्यमिक शिक्षणाच्या मुदलियार आयोगामुळे, १९५२ ला नेमला आणि १९५३ ला अहवाल आला, त्यात स्काउट, एनसीसी, प्रथमोपचार, सगळं शिक्षणाचाच भाग धरा असं म्हटलंय. आमच्याकडे सक्तीचं शिक्षणच १९०६ पासूनचं, त्यामुळे १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात गेलं तेव्हा बडोद्याचे मास्तर लोक आलेल्या परिपत्रकांकडे जरा नाकावरचा चष्मा खाली करूनच बघायचे. (आम्ही बडोदेकर तसे शिष्टच, कबूल.)

आता ती वही. तो हस्तलिखित अंक आहे आणि तुझ्या ट्रंकेतली सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे, बॅज नाही. हे कसं असायचं ते सांगते, कारण आमच्या वाङ्मय मंडळात मी दोन वर्षं हेच केलंय. मुलं लेख द्यायची कशाही कागदावर, वाण्याच्या पुडीच्या कागदावरसुद्धा, मग ज्याचं अक्षर चांगलं त्याने टाकाने ते सगळं एकटाकी उतरवायचं, शाई पुड्या विरघळवून घरी केलेली, म्हणून दर चार पानांनी निळ्याची छटा बदलते, बघ तुझ्या वहीत बदलते का. चित्रं एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसलेल्या मुलांकडून काढून घ्यायची. पुठ्ठ्याला कापड खळीने चिकटवायचं, आणि त्या खळीमुळेच पुढे कसर लागते. तर आधी वही उन्हात न ठेवता मोकळ्या हवेत सावलीत उघडून ठेव, पान न् पान फोटो काढ, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून परत बांधू नकोस.

अंक मराठी असला तरी मध्ये गुजराती पानं नक्की सापडतील. आमच्या वेळी गुजराती मुली येऊन म्हणायच्या 'अमारे पण लखवुं छे', मग बाई म्हणायच्या लिहा की, आणि शेवटची वीस पानं त्यांची. भाषेवरून राज्यं तुटायची ती तुटली १९६० ला, आमच्या अंकात त्याआधी आणि त्यानंतरही भांडण व्हायचं ते पहिल्या पानावर कुणाची कविता यावी यावरून.

स्मरणिकेत उल्लेख का नाही? कारण अंकाची प्रत एकच. ती वर्गावर्गातून फिरायची आणि मग सरांच्या कपाटात जायची. सर रिटायर झाले किंवा त्यांची बदली झाली की कपाट नव्या माणसाकडे, आणि नवा माणूस पहिल्याच दिवशी म्हणतो ही रद्दी कुणाची. स्मरणिका काढणारे लोक शाळेचे छापील अहवाल उघडतात, त्यात निकालाचे टक्के, इमारत फंड, आणि बक्षीस समारंभाला आलेले पाहुणे. मंडळ कुठे असणार त्यात? मी इतकी वर्षं बघतेय, शाळेतलं कुठलंही मंडळ म्हणजे खरं तर एक मास्तर आणि एक किल्ली असते, मास्तर गेला की मंडळाचा दुसऱ्या वर्षी पत्ता नसतो. तुझ्या सासऱ्यांनी ती वही परत दिली नाही (चोरलीच म्हण की) म्हणून ती वाचली.

प्रश्न: माझी आजी म्हणते त्या काळी शाळेत मुलींसाठी काहीच नव्हतं, नुसतं शिवण. खरं का हो?
— नववीतली वाचक, मांजलपूर

उत्तर: निम्मं खरं. होतं पुष्कळ, पण दिवेलागणीच्या आत संपणारं. लेझीम, गाइड, गाणं, रांगोळी, नवरात्रात गरबा, आणि सुरसागरसमोरच्या संगीत शाळेत शिकणाऱ्या मुली असल्या की स्नेहसंमेलनाला पेटी-तबल्याची काळजी नाही. सेंट्रल लायब्ररीत मुलांचा वेगळा विभाग होता, अमेरिकेहून आलेल्या बॉर्डन साहेबांनी सयाजीराव महाराजांसाठी लावून दिलेली ती लायब्ररी, तिथल्या काचेच्या फरशांवरून चालायला मिळावं म्हणून मी पुस्तकं घ्यायचे, वाचायचे त्यातली निम्मी.

आणि वर कोण होतं बघ. १९४९ ला युनिव्हर्सिटी झाली तेव्हा पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता, मुलं-मुली एकत्र शिकतात अशा युनिव्हर्सिटीला भारतात तोवर बाई कुलगुरू नव्हतीच. आमच्या वक्तृत्वाच्या बाई हे सारखं ऐकवायच्या. मी दहावीत वादविवादाच्या फायनलला पोचले, विषय होता शाळेत गृहपाठ असावा की नसावा, मी 'नसावा'च्या बाजूने. फायनल संध्याकाळी साडेसहाला ठेवली. आमच्या शाळेने दोन्ही मुलींची नावं काढली आणि दोन मुलगे पाठवले, वेळ पुढेमागे करता आली असती, कुणी विचारलंही नाही. ते हरले. मला अजून बरं वाटतं.

क्रिकेट मात्र फक्त मुलांचं. मार्च १९४७ ला रणजीच्या फायनलमध्ये बडोद्याच्या विजय हजारे आणि गुल महंमदनी होळकरांच्या टीमविरुद्ध ५७७ ची भागी केली, हजारे २८८, गुल महंमद ३१९, जगातला विक्रम २००६ पर्यंत टिकला तो. मी सात वर्षांची होते. त्यानंतर आमच्या गल्लीत प्रत्येक मुलगा हजारे, बॉलिंग टाकायला कुणी तयार नाही, म्हणून मग बॉलिंग आम्ही मुली टाकायचो. शाळेच्या टीममध्ये घ्या म्हटलं तर सर म्हणाले स्कोअर लिही, तुझं अक्षर चांगलं आहे. दोन वर्षं स्कोअर लिहिला. तर आजीला सांग शिवणाशिवाय स्कोअरबुकही होतं.

प्रश्न: मी कारेलीबागेतल्या एका शाळेत नवीन शिक्षक आहे. प्रिन्सिपॉल म्हणाल्या मराठी मंडळ सुरू करा. बॅनर, लोगो, उद्घाटनाला पाहुणे, इन्स्टाग्राम पेज असं सगळं प्लॅन करतोय. काही सुचवाल का?
— एक नवा सर

उत्तर: सर, पाहुणे राहू द्या. शनिवारी शेवटचा पिरियड कायमचा लिहून घ्या, 'बघू या' नको, टाइमटेबलमध्येच छापून घ्या. एक कपाट मागा. त्याच्या दोन किल्ल्या करून घ्या, एक तुमच्याकडे आणि दुसरी आठवीतल्या कुणाकडे तरी, दहावीतल्याकडे नको, तो मार्चमध्ये जाईल. आणि शिपाईमामांशी आजच बोलून ठेवा, शनिवारी दुपारी गेटला कुलूप ते किती वाजता लावतात.