दुपटं, वही आणि चांदणी

प्रिय बाळा,

सप्रेम सलाम.

रविवारी उपासनेहून आले आणि तुझं पत्र वाचलं. नोकरी लागल्यानंतरचा हा तुझा पहिला नाताळ. हातात पगार आहे, वेळ मात्र नाही. म्हणून सगळ्यांच्या भेटी फोनवरून मागवून परस्पर गावी पाठवायच्या, आणि 24 तारखेला रात्रीच्या एस.टी.नं यायचं, असा तुझा बेत. 'बाई, कुणाला काय घेऊ?' असं विचारतोस. माझं ऐकशील तर या वर्षी काही विकत घेऊ नकोस. तीन वस्तू स्वतः कर. नाताळाआधीच्या चार रविवारांतला पहिला, आगमनाचा पहिला रविवार, अजून यायचाय, म्हणजे चार आठवडे हाताशी आहेत. रोज थोडा वेळ दिलास तरी होईल.

पहिली वस्तू तुझ्या ताईच्या बाळासाठी, दुपटं. लूकच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायातली ती ओळ तू संडे स्कूलमध्ये माझ्यापुढे उभा राहून म्हणायचास, मरियेनं बाळाला बाळंत्यानं गुंडाळून गव्हाणीत ठेवलं ती. मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन आले ते नंतर; ती गोष्ट मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. त्याच्या आधी प्रभूच्या अंगाला लागलं ते साधं कापड. नासरेथहून निघताना तिनं ते गाठोड्यात बांधून घेतलं असेल, असं मला दर नाताळात वाटतं. तुझ्या आईकडे आजीचं जुनं सुती लुगडं असणार. वापरून वापरून मऊ झालेलं, तसं कापड दुकानात मिळत नाही. ते मागवून घे, धुऊन उन्हात वाळव, चार पदरी घडी घाल आणि कडेकडेनं धावदोरा घालत मध्याकडे ये. टाके वाकडे आले तर येऊ देत. फक्त गाठी आतल्या पदरात दडव, बाळाच्या अंगाला टोचता कामा नयेत. शिवण बाईमाणसाचं काम, असं तुझे खोलीतले मित्र म्हणतील. पौल प्रेषित तंबू शिवून पोट भरत होता, हे त्यांना सांग.

दुसरी वस्तू आजीसाठी, आणि माझ्या मते हीच सगळ्यांत मोलाची. आजीची नजर गेल्या वर्षापासून फार उतरलीय. उपासना संगीताच्या पुस्तकातली अक्षरं तिला दिसत नाहीत. ती पुस्तक उघडून बसते आणि आठवेल तेवढं म्हणते; कडवं विसरलं की गप्प होते. मी तिच्या शेजारच्याच बाकावर असते, म्हणून मला ते ठाऊक आहे. तू एक जाड कागदाची वही घे आणि काळ्या पेननं, एका पानावर एकच कडवं, बोटाच्या पेराएवढ्या अक्षरात तिची गीतं लिहून काढ. वीस गीतं पुरेत. त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळकांची जास्त घे. 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावर या माणसानं आपल्या अहमदनगरात राहून अभंग, ओवी, भजन ही आपल्या मातीतली वळणं ख्रिस्ताच्या सेवेला लावली. परक्या चालींवर बसवलेले शब्द म्हणणाऱ्या मंडळीला स्वतःच्या आईच्या जात्यावरची लय परत मिळाली. आजीला ती गीतं तोंडपाठ होती ती उगाच नाही. शिवाय लिहिता लिहिता तुझंही एकेक कडवं वाचून होईल. पुण्यात गेल्यापासून प्रार्थना सुटल्यासारखी वाटते, असं तू पत्राच्या शेवटी घाईघाईनं लिहिलंयस ना? मला तर ते वाक्य सगळ्या पत्रात महत्त्वाचं वाटलं. वही लिहायला बसशील तेव्हा दिवा लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बस. मोठी प्रार्थना जमली नाही तरी चालेल.

तिसरी वस्तू घरासाठी, चांदणी. बांबूच्या दोन-दोन फुटांच्या दहा कामट्या आण. पाच कामट्यांची एक, अशा दोन चांदण्या दोऱ्यानं बांध. त्या एकीवर एक ठेवून पाचही टोकं घट्ट आवळ. मग आत, जिथं कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच जागी, चार-पाच इंचांच्या आखूड काड्या दोन्ही चांदण्यांच्या मध्ये अडकव. पोट फुगतं आणि चांदणी उभी राहते. पतंगाचा पांढरा कागद, मैद्याची खळ. खळीत चिमूटभर मोरचूद टाकलंस तर किडे लागत नाहीत, पण हात धुतल्याशिवाय काही खाऊ नकोस. मागचा एक तुकडा दिव्यासाठी उघडा ठेव. दिवा एलईडीचाच लाव, जुना पिवळा बल्ब तापून कागद धरतो. सांगाडा पुण्यात बांध. कागद मात्र गावी येऊन, धाकट्या भावंडांना घेऊन चिकटव.

त्यासाठी तुला 22 तारखेपर्यंत यावं लागेल. साहेबांकडे दोन दिवस जास्त माग, आत्ताच माग. आई एकटीच करंज्या करत बसते. तू सारण भर, कातण फिरव. तिला काय द्यायचं हे तू विचारलंच नाहीस. तिच्या शेजारी पोळपाटाजवळ घालवलेली एक संध्याकाळ तिला दे. तुझे वडील गेल्यापासून त्या स्वयंपाकघरात फारसं कुणी बोलत नाही.

एक गोष्ट मात्र जप. तुझ्याच वयाची असताना मी आईसाठी गोधडी शिवायला घेतली, उशिरा घेतली, आणि 24 च्या रात्री ती पुरी करायची म्हणून उपासनेला गेले नाही. घरचे सगळे परत आले तेव्हा शेवटचा टाका घालत होते. आईनं गोधडी हातात घेतली, कुरवाळली आणि म्हणाली, 'तुझी जागा रिकामी होती गं.' ती गोधडी तिनं शेवटपर्यंत पांघरली, पण ते वाक्य मला अजून ऐकू येतं. म्हणून 23 ला रात्री जे अर्धं असेल ते अर्धंच गुंडाळून दे.

आजीला कोणती गीतं हवीत हे तिलाच विचारू नकोस, तिला लगेच कळेल. मी यादी करून सोबत जोडलीय. शेवटची दोन तुझ्या आजोबांच्या आवडीची आहेत, ती वहीत अगदी शेवटी लिही.

तुझी,
बाई