बांबोळीला कोण जात नाही?

मावशी,
मी 33 वर्षांचा, बार्देशचा. वेर्ण्याला एका औषध कंपनीत पॅकिंग लाईनवर सुपरवायझर आहे. चार महिने झाले, झोप नाही. शिफ्टच्या आधी छाती धडधडते, हात गार पडतात. दोनदा हार्ट अटॅक समजून धावलो, ईसीजी नॉर्मल निघाला. फॅमिली डॉक्टर म्हणाले, मानसोपचारतज्ज्ञांना दाखव. नाही गेलो. बांबोळीच्या इस्पितळात चुलत वहिनी कामाला आहे आणि कंपनीचा एचआरवाला आमच्याच गावचा. मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपतं, पर्मनंट करणार असं बोललं जातंय. रात्री दोन पेग घेतले की तीन तास डोळा लागतो. मागच्या आठवड्यात बॅच रेकॉर्डमध्ये चूक केली, नशिबाने दुसऱ्याने पकडली. परवा वाटलं, सकाळी जाग आलीच नाही तर बरं. हे बायकोलाही सांगितलेलं नाही.
नाव छापू नका.

बाबा,

तुझ्या 'सकाळी जाग आलीच नाही तर बरं' या ओळीपासून सुरुवात करते, कारण ती तू घाईघाईत, जाता जाता लिहिल्यासारखी लिहिली आहेस. तो विचार पुन्हा आला, तर मार्चची, पगाराची, कशाचीच वाट बघू नकोस. बायकोला उठव. 14416 लाव. तो सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास. खरं नाव सांगायचं नसेल तर तसं पहिल्याच वाक्यात सांग. आणि आवरेनासं झालं तर सरळ गोमेकॉच्या, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या, कॅज्युअल्टीत जा. तिथे रात्री तीन वाजता आलेल्या माणसाला कोणी त्याची कंपनी विचारत नाही.

आता वहिनीकडे येते.

गोव्यात लपून काही होत नाही, हे मी तुला काय सांगू. अनोळखी माणूससुद्धा दुसऱ्या वाक्याला 'खंयचो रे तूं?' (कुठला रे तू?) विचारतो आणि तिसऱ्या वाक्याला तुझी आत्या त्याच्या मावसभावाची शेजारीण निघते. तेव्हा आपण कोणाला दिसणारच नाही, अशी जागा शोधत बसलास तर म्हातारा होशील. पण बांबोळीचंच बघ. एकाच पठारावर गोमेकॉ आहे आणि मानसोपचाराची सरकारी संस्थाही. डोळे, किडनी, हाडं, बाळंतपण, अर्धा गोवा बांबोळीला जातो. तुझी कंपनीची बस रोज तिथूनच झुवारी पुलाकडे जाते ना? वहिनीने तुला तिथे पाहिलं तर 'बांबोळीला आलो होतो' एवढं उत्तर पुरे. ते खरंही आहे.

तरीही पाय वळत नसतील तर म्हापशाला जिल्हा इस्पितळ आहे, ज्याला आपण अजून आझिलोच म्हणतो. तिथेही मानसोपचाराची ओपीडी असते, आणि केसपेपरवर नाव जिल्हा इस्पितळाचं. तेही नको असेल तर पणजीतला किंवा मडगावातला खाजगी डॉक्टर. पहिली भेट व्हिडिओवर चालेल का, तेवढं फोन करून विचार.

माझ्या मते तू चुकीच्या गोष्टीला घाबरतो आहेस. कोणीतरी पाहिलं म्हणून होते ती कुजबुज. नोकरीवर परिणाम करतो तो कागद. कुजबुज तुझ्या हातात नाही, कागद बराचसा आहे.

2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, 2018 पासून लागू. त्याच्या 23 व्या कलमात रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. त्याला अपवाद आहेत: कोणाच्या जिवाला धोका असेल, कोर्टाचा आदेश असेल, असे काही. पण 'साहेबाने विचारलं म्हणून' हा त्यात नाही. डॉक्टर तुझ्या एचआरला परस्पर काही सांगू शकत नाही. वहिनी इस्पितळात कामाला असली तरी तुझा केसपेपर उघडून बघणं हे तिचं काम नव्हे, आणि ते तिला माहीत असणार. तरी मनात राहिलंच तर डॉक्टरांना सरळ सांग, माझे नातेवाईक इथे आहेत, जरा जपा. अशी विनंती करणारा तू पहिला नाहीस.

पैशांचं. ओपीडीची फी आणि गोळ्या स्वतःच्या खिशातून भर. कंपनीच्या ग्रुप इन्शुरन्समधून ओपीडीचे पैसे बहुतेक वेळा मिळत नाहीतच, मग बिलं त्या वाटेला कशाला पाठवायची? उद्या दाखल व्हायची वेळ आलीच, तर विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं, हेही त्याच कायद्यात आहे. तेव्हा क्लेम कोणाच्या हातून जातो ते आधी विचार. कंपनीने समुपदेशक ठेवला असेल तर त्यालाही पहिल्या भेटीत दोनच प्रश्न: कंपनीला नावं जातात की नुसते आकडे? आणि टिपणं कोणाकडे राहतात? उत्तर गुळमुळीत आलं, तर चहा पिऊन परत ये.

सर्टिफिकेटची गरज पडली तर 'उपचार चालू आहेत, इतके दिवस विश्रांती हवी' एवढंच लिहा, अशी विनंती कर. लेटरहेडवर तज्ज्ञाचा विषय छापलेला असतो, ही अडचण खरी आहे. सुरुवातीच्या भेटींसाठी म्हणूनच कॅज्युअल लीव्ह वापर. एचआरला तू कधी येणार नाहीस आणि कधी येणार, एवढं कळलं की त्यांचं काम भागतं. पण एखाद्या फॉर्मवर सही करून खोटं मात्र लिहू नकोस. पुढे तोच कागद अंगावर येतो.

नोकरी जाणारच नाही, अशी हमी मी देणार नाही. खाजगी कंपनी, कॉन्ट्रॅक्ट, गावचा एचआरवाला. काही माणसं वाईट वागतात. पण माझ्या प्रिय सुपरवायझरा, तुझ्या नोकरीला आज सगळ्यात मोठा धोका त्या बॅच रेकॉर्डमधल्या चुकीचा आहे. पुढची चूक कदाचित कोणी पकडणार नाही. औषधाच्या कारखान्यात खाडाखोड किती महाग पडते, ते तू मला शिकवशील. दिवसभर लोकांसाठी गोळ्या पॅक करणारा माणूस स्वतः गोळी घ्यायला लाजतो, याचं मला जरा हसू आलं, रागावू नकोस.

आणि ते दोन पेग. डॉक्टरांपासून हीच गोष्ट लपवली जाते बघ. दारूने डोळा लागतो, पण पहाटे तीच उठवते, आणि दुसऱ्या दिवशी धडधड वाढते. झोपेच्या गोळीबरोबर ती घेणं जिवावर बेतू शकतं. रोजची असेल तर एकदम तोडू नकोस, किती आणि किती दिवस ते डॉक्टरांना खरं सांग. नाईट शिफ्ट असते हेही सांग, गोळीची वेळ त्यावर ठरते. फार्मसीवाल्या मित्राकडून चिठ्ठीशिवाय काही आणू नकोस.

गोळ्याच लागतील असंही नाही. आपल्याच गोव्यात 'संगाथ' या संस्थेने डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या स्थानिक माणसांकरवी प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशन करून पाहिलं. नैराश्यासाठीचा त्यांचा एक कार्यक्रम 6 ते 8 बैठकांचा होता, आणि त्याचा लोकांना गुण आला. तुला काय लागेल ते तपासणारा ठरवेल.

आबे फारियाची, संमोहनासाठी नावाजलेल्या त्या गोंयकार पाद्रीची, गोष्ट लहानपणी ऐकली असशीलच. कांदोळीचा पोर, मोठमोठ्या लोकांपुढे प्रवचनाला उभा राहिला आणि त्याची वाचाच बसली. मग बापाने कोंकणीत हळूच सांगितलं, ही सगळी भाजी, कातर रे भाजी; म्हणजे समोरची माणसं नुसती भाजी समज, घाबरू नकोस. आणि पोराची वाचा परत आली. खरीखोटी देव जाणे. पण ती सांगताना आपण सगळे पोराचं कौतुक करतो. मला नेहमी वाटतं, घाबरलेल्याच्या पाठीशी त्या क्षणी आपलं कोणीतरी उभं होतं, हे त्यातलं महत्त्वाचं. तुझ्या पाठीशी बायको उभी राहू शकते, पण तिला काय चाललंय तेच माहीत नाही. चार महिने शेजारी झोपलेल्या बाईला काहीच कळलं नसेल? ती बहुधा वेगळाच काहीतरी संशय घेऊन बसली असेल. आज जेवणानंतर तिला एवढंच सांग: मला झोप येत नाही, भीती वाटते, डॉक्टरकडे जायचंय, तू चल.

रजेचा अर्ज उद्याच टाक. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक काम' लिही.

तुझी,
मावशी