वाचकांचे प्रश्न : माना डोलावतात, पण पेपर कोरा

प्रश्न : मालवण तालुक्यात किनाऱ्यावरच्या वाडीत मी दहावीची गणिताची शिकवणी घेते. निम्मी मुलं मच्छीमारांच्या घरची. ‘समजलं का?’ म्हटलं की सगळी माना डोलावतात आणि चाचणीत कोरा कागद देतात. गणपतीनंतर काहींनी येणंच सोडलं. काय करावं?

उत्तर : ‘समजलं का?’ विचारणं आधी थांबवा. चारचौघांत ‘नाही’ म्हटलं तर हसं होईल आणि बाईंनाही वाईट वाटेल, या धास्तीने मुलं होकार देतात. त्यापेक्षा दोघादोघांना बसवून मालवणीत ‘तुका काय समाजला, ता सांग’ म्हणा. ‘दर खेपेक तितक्याच वाढता’ असं उत्तर आलं, तर अंकगणिती श्रेढी त्याला कळली आहे. मग ‘लगतच्या दोन पदांतला फरक समान आहे’ हे वहीत लिहून घ्या, कारण पेपरात तेच लागतं. बोलताना मात्र टोकू नका, नाहीतर ते पोर पुन्हा तोंड उघडणार नाही.

उदाहरणं रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून जाळं ओढायच्या मासेमारीची घ्या. मोठ्याला पूर्ण वाटा, पोराला अर्धा. माणसं 24, वाटे 20. तर मोठे किती, पोरं किती? दोन चलांतील रेषीय समीकरणांचं हे चोख गणित आहे (16 आणि 8). एका ओढीचे 9,000 रुपये आले तर पूर्ण वाटा 450 रुपयांचा. मात्र कुणाच्या घरात किती वाटे येतात, हे वर्गात चुकूनही विचारू नका. मुलं तिथेच मिटतात.

आता गळती. पावसाळा ओसरला की रापण सुरू होते. पहाटे दोर ओढून आलेला मुलगा संध्याकाळी पेंगतो, तो आळशी नव्हे. त्याला रविवारी दुपारी वेगळा तास द्या.

दुसरं कारण फीचं, आणि ते कुणी सांगत नाही. फी थकली की मूल लाजेने गैरहजर राहतं. मुलाकडे पैशांचा विषय काढूच नका. हंगामात, जमेल तशी दोन-तीन हप्त्यांत द्या, असं पालकांनाच सांगा. यांत्रिक मासेमारीला 1 जून ते 31 जुलै बंदी असते, तेव्हा वडील घरी भेटतात. पुढच्या वर्षी ही बोलणी जूनमध्येच उरका.

मुलींची वेळ शेवटच्या एसटीआधी अर्धा तास संपेल अशी ठेवा. जत्रेच्या रात्री दशावतार पाहून आलेल्यांना दुसऱ्या दिवशी नवा धडा देऊ नका, सराव घ्या.