मामेभावाच्या नावावर कोल्हापूर पासिंग करावं का?

खानापूरच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा. उद्यमबागेतल्या कारखान्यात नोकरी आहे, रोज खानापूर–बेळगाव गाडीने ये-जा असते. ८०० सीसीची जुनी गाडी नऊ वर्षांची झाली, दरवर्षी फुल इन्शुरन्स भरला, पण एकदाही क्लेम घेतला नाही. आता ती विकून ११९७ सीसीची पेट्रोल गाडी घ्यायची आहे. शोरूम किंमत ८ लाख, त्यातले ६ लाख कर्ज. इन्शुरन्सचे शोरूमने ३६,६२७ रुपये सांगितले, खडेबाजारातल्या एजंटाने २२,७६२. कोल्हापूरचा मामेभाऊ म्हणतो, ‘माझ्या नावावर एमएच-०९ पासिंग कर. टॅक्स वाचेल, आणि महाराष्ट्रात इन्शुरन्सही स्वस्त पडतो.’ कर्नाटकात गाडीच्या इन्शुरन्सची सरासरी काय आणि मामेभावाचं ऐकावं का, असं त्यांनी विचारलंय.

नमस्कार,

मामेभावाचा हेतू चांगला आहे, पण त्याचं ऐकू नका. गाडी तुमच्याच नावावर, खानापूरच्या पत्त्यावर, केए-२२ पासिंगचीच घ्या. कारण सांगतो, पण आधी सरासरीचा प्रश्न संपवू.

राज्याची सरासरी तुमच्या काहीच कामाची नाही. त्या आकड्यात बेंगळूरची २० लाखांची एसयूव्हीही येते आणि नंदगडची दहा वर्षांची छोटी गाडीही. शिवाय आपल्याकडे राज्यवार ठरलेले दर नाहीत. प्रीमियमचे मुख्य भाग दोन. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर. हा मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे, दर केंद्र सरकार ठरवतं आणि तो देशभर एकच असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी एकदम घ्यावा लागतो, तो तुमच्या सीसीला १०,६४०. कोल्हापुरात, बेळगावात किंवा पणजीत, यात एक रुपयाचा फरक नाही.

दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान. इथे जागेचा थोडा संबंध येतो. जुन्या टॅरिफपासून, म्हणजे दर ठरवून दिलेले असायचे तेव्हापासून, देशाचे दोन झोन चालत आलेत. अ झोनमध्ये मुंबई, पुणे, बेंगळूर, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरं, बाकी सगळा देश ब झोनमध्ये. म्हणजे बेळगाव ब मध्ये आणि कोल्हापूरही ब मध्येच. मामेभाऊ पुण्यात असता तर उलट त्याच्या पासिंगने प्रीमियम वाढला असता, तोही किंचित. त्या टॅरिफमध्ये तुमच्या सीसीच्या पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला अ झोनचा दर ३.२८३ टक्के होता आणि ब चा ३.१९१. साडेसात लाखांच्या गाडीवर फरक सातशे रुपयांच्या आत. २००७ पासून हे दर कंपन्यांना मोकळे झाले आणि आता त्या यावर भरघोस सूट देतात. खरी स्पर्धा त्या सुटीत आहे, राज्यात नाही.

आता टॅक्सचं. तिथे मामेभाऊ खोटं बोलत नाही. ५ ते १० लाखांच्या गाडीला कर्नाटकात आजीवन कर १४ टक्के आणि त्यावर सेस. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. तुमच्या गाडीवर फरक ३५-३६ हजारांच्या घरात जातो. नोकरदार माणसाला ही रक्कम लहान नाही, मोह होणारच. पण गाडी रोज खानापूर–बेळगावच धावणार. दुसऱ्या राज्याच्या पासिंगची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली, तर कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे इथलं पासिंग करून घ्यावं लागतं. तेव्हा कर्नाटकचा टॅक्स गाडीच्या वयानुसार भरायचा आणि महाराष्ट्राकडून परतावा मागत कोल्हापूरला खेपा घालायच्या. वाचलेले पैसे वर्षभरासाठी उसने मिळाले, एवढंच. शिवाय कर्ज तुमच्या नावावर आणि आरसी मामेभावाच्या, असं बँक चालवून घेणार नाही. बोजा आरसीवर चढतो, म्हणजे कर्जही त्याच्याच नावावर काढावं लागेल.

मला खरी काळजी आहे ती याच्या पुढची. गाडी त्याच्या नावावर म्हणजे पॉलिसी त्याच्या नावावर. पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो, वर्षाला जेमतेम तीन-साडेतीनशे रुपयांत. तो फक्त आरसीवर आणि पॉलिसीवर ज्याचं नाव आहे, त्याला लागू. रोज स्टिअरिंगवर तुम्ही, आणि विमा कोल्हापुरात बसलेल्या माणसाचा. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना त्यातला एक रुपया मिळणार नाही. थर्ड पार्टीतून मिळेल, असंही धरू नका. इलकलजवळच्या एका अपघातात दुसऱ्याची मोटारसायकल मागून घेऊन चाललेला एक जण बैलगाडीला धडकून मरण पावला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००९ मध्ये न्यायालयाने म्हटलं की दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालवणारा मालकाच्या जागी येतो, त्यामुळे तेव्हाच्या कलम १६३-अ खाली त्याच्या वारसांना भरपाई मागता येत नाही. तुम्ही हप्ते भराल, पेट्रोल भराल, पण कायद्याच्या नजरेत मागून आणलेलीच गाडी चालवत असाल.

मामेभावाचंही बघा. फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक आणि जबाबदारी त्याची. इन्शुरन्सचं रिन्यूअल एका वर्षी तुमच्याकडून चुकलं आणि त्याच आठवड्यात कुणाला धडक बसली, तर कोर्टाची नोटीस त्याच्या दारात जाईल. नात्यात असा पेच कशाला आणायचा?

आता तुमचा फायदा, जो शोरूमने विचारला नाही आणि एजंटानेही नाही. तुमच्या जुन्या गाडीवर एकही क्लेम नाही. क्लेम नसलेल्या पहिल्या वर्षानंतर ओन डॅमेजवर २० टक्के सूट मिळते, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. हा एनसीबी, नो क्लेम बोनस. तुमचा तो केव्हाच ५० वर पोचलाय. एनसीबी गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुनी गाडी विकली की तो नव्या गाडीवर आणता येतो, पण गाडी तुमच्याच नावावर असली तर. मामेभावाच्या नावावर घेतली की नऊ वर्षं सांभाळून चालवलेल्या गाडीचा सगळा लाभ पाण्यात.

तुम्ही पाठवलेली दोन्ही कोटेशन समोर ठेवून बसलो. शोरूमचं महाग दिसतं, पण त्यात आयडीव्ही ७,६०,००० आहे. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी ती रक्कम, नव्या गाडीला शोरूम किमतीतून ५ टक्के वजा करून धरतात, म्हणजे बरोबर आहे. ओन डॅमेज १२,२००, झिरो डेप (क्लेममध्ये घसाऱ्याची कपात नाही) ३,८००, इंजिन प्रोटेक्ट ९००, रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी गेली तर बिलाएवढी रक्कम) १,९००, कंझ्युमेबल (ऑइल, नट-बोल्टसारख्या वस्तू) ७००, थर्ड पार्टी १०,६४०, तीन वर्षांचा अपघात विमा ९००, वर १८ टक्के जीएसटी. एजंटाने आयडीव्ही ६,४६,००० वर आणून ठेवला. गाडी चोरीला गेली तर १,१४,००० रुपये कमी हातात येतील. झिरो डेप नाही, इंजिन नाही. ओन डॅमेज ८,३००, थर्ड पार्टी तेवढाच, अपघात विमा एका वर्षाचा ३५०. एजंटाचं स्वस्त दिसणारं कोटेशन निम्मं रिकामं आहे.

झिरो डेप का हवा, ते एका बिलावर पाहा. गाडी चौदा महिन्यांची आहे आणि गणपत गल्लीच्या गर्दीत समोरून ठोकली गेली. बंपर ६,०००, हेडलाइट ७,०००, बॉनेट ९,०००, रंग ८,०००, मजुरी ३,०००. एकूण ३३,०००. झिरो डेप नसेल तर प्लास्टिकच्या वस्तूंवर निम्मी कपात, म्हणजे बंपर आणि हेडलाइटचे ६,५०० गेले. बॉनेट लोखंडी, दुसऱ्या वर्षात १० टक्के, ९००. रंगाच्या खर्चातला चौथा हिस्सा माल धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, १,०००. आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममध्ये १,००० आपल्याच खिशातून. तुमच्यावर ९,४०० पडले. झिरो डेप असता तर फक्त ते शेवटचे हजार. आजच्या गाड्यांना पुढून-मागून प्लास्टिकच आहे, म्हणून पहिली पाच वर्षं तरी हे सोडू नका.

इंजिन प्रोटेक्ट कोरडवाहू भागात राहणाऱ्याला मी कदाचित सांगितलं नसतं. पण तुमचा तालुका पावसाचा. कणकुंबी-जांबोटीकडे आषाढात रस्ता आणि ओढा एकच होतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूरच्या शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा गाड्या दोन्हीकडे अडकून पडल्या होत्या. पुराच्या पाण्याने सीट, वायरिंग खराब झालं तर साध्या फुल इन्शुरन्समध्ये बसतं. पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सेल मारून सुरू करायला गेलात आणि इंजिनात पाणी शिरलं, तर कंपनी ते इंजिन साध्या पॉलिसीत देत नाही. नऊशे रुपयांत ही जोखीम जात असेल तर जाऊ द्या. आणि तरीही पाण्यात सेल मारू नका, टोइंग बोलवा. चोर्ला घाटात गवा आडवा आला किंवा झाड पडलं, तर तेही ओन डॅमेजमध्येच येतं, नुसत्या थर्ड पार्टीत नाही.

रिटर्न टू इन्व्हॉइस मात्र मी घेणार नाही. तुमचं कर्ज ६ लाख, आयडीव्ही ७.६ लाख, गाडी गेली तरी बँक फिटते. कंझ्युमेबलही सोडा. कमी चालणाऱ्यांसाठी किलोमीटरवर प्रीमियम ठरणाऱ्या पॉलिसीही निघाल्यात, पण रोज पन्नासेक किलोमीटर फिरणाऱ्याला त्या परवडत नाहीत. आणि सहकाऱ्यांना बरोबर नेणार असाल तर खुशाल न्या, पण सीटमागे ठरावीक पैसे घेऊन वडाप करू नका. खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही आणि नेमक्या वेळी क्लेम नाकारला जाईल.

तर एजंटाला सांगा: आयडीव्ही ७,६०,०००, झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, एका वर्षाचा अपघात विमा आणि ५० टक्के एनसीबी. त्याच्याच दराने ओन डॅमेज ९,७६५ च्या आसपास येईल, एनसीबीने निम्मा होऊन ४,८८० उरेल. झिरो डेपचे ३,००० आणि इंजिनचे ८०० धरले तर जीएसटीसकट २३,२०० च्या जवळपास बसतं. म्हणजे त्याच्या रिकाम्या कोटेशनपेक्षा साडेचारशेएक रुपये जास्त देऊन संपूर्ण संरक्षण, आणि शोरूमपेक्षा तेरा हजारांनी स्वस्त. शोरूमलाही हीच यादी द्या. ते या आकड्याला आले तर त्यांच्याकडून घ्यायला हरकत नाही, वर्कशॉपमध्ये कॅशलेस सोपं जातं. पण ‘इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्यावा लागेल’ असं कुणी म्हणालं तर ते ऐकून घेऊ नका, तशी सक्ती करता येत नाही.

क्रम मात्र नीट ठेवा. आधी जुनी गाडी विका आणि घेणाऱ्याच्या नावावर आरटीओत ट्रान्सफर करून द्या. कागद अर्धवट ठेवून किल्ली देऊ नका, २०१८ चा तो निकाल तुम्हालाही लागू आहे. विक्रीचे कागद दाखवून जुन्या विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं, म्हणून नव्या गाडीला महिना-दोन महिने उशीर झाला तरी बिघडत नाही. गाडी विकेपर्यंत जुन्या पॉलिसीची मुदत मात्र संपू देऊ नका. संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू झाली नाही तर बोनस जातो. पत्राशिवाय नुसतं तोंडी ५० टक्के लिहून घेऊ नका. कंपनी मागाहून पडताळते आणि चूक निघाली तर क्लेम अडतो.

पॉलिसी हातात आली की गाडी ताब्यात घेण्याआधी तुमचं नाव, इंजिन नंबर, चासी नंबर, आयडीव्ही, बँकेचा बोजा आणि एनसीबीचा आकडा आरसीच्या कागदांशी ताडून बघा. अपघात विम्यात नॉमिनीची जागा बहुतेक जण रिकामी सोडतात. तिथे पत्नीचं नाव घालून घ्या.